बेडकाच्या दातावरचे एनॅमल एकदाच घडते की पुन्हा पुन्हा?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे रोपलावणीचे दिवस सुरू झाले की भातखाचरांच्या बांधांवर आणि जांबोटीच्या रस्त्यावर मोठे पिवळे बेडूक दिसू लागतात, आणि त्यांतील काही वाहनांखाली सापडतात हेही ओघाने आलेच. गेल्या पंधरवड्यात नववीच्या मुलांनी अशाच एका मेलेल्या बेडकाचे डोके कागदात गुंडाळून शाळेत आणले. बेडकाला दात असतात की नसतात यावर त्यांची पैज लागली होती. शेजारच्या कन्नड शाळेतील मुलेही कुंपणाशी येऊन "कप्पेगे हल्लु इदेया?" असे विचारून गेली, म्हणजे प्रश्न दोन्ही भाषांत एकच होता.

मी ते डोके विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवले, म्हणजे मांस सुटेल आणि हाडे स्वच्छ होतील. सकाळी भिंगातून पाहिले तेव्हा वरच्या जबड्याच्या कडेने बारीक खुंटांची एक ओळ दिसली, आणि हे सगळे खुंट जणू कोणी पट्टी लावून कापावेत तसे एकाच उंचीवर तुटलेले होते. बशीच्या तळाशी रव्याच्या कणांहून बारीक असे पांढरे दाणे पडले होते. खालच्या जबड्यावर दातांची ओळ नव्हती, पण पुढच्या टोकाशी दोन उंचवटे होते.

मुलांच्या प्रश्नांपुढे माझे ज्ञान तोकडे पडले. माणसाच्या दातावरचे एनॅमल आयुष्यात एकदाच तयार होते, ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नष्ट होतात आणि म्हणून किडलेला दात आपोआप भरून येत नाही, असे आपण वर्गात सांगतो. बेडकाचे दात मात्र जन्मभर पडतात आणि पुन्हा येतात असे मी वाचले आहे. मग त्याच्या दातावर एनॅमल असते का, आणि असेल तर ते प्रत्येक वेळी नव्याने कोण तयार करते? शिवाय सॅलॅमँडरच्या, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या शेपटीच्या उभयचराच्या, पिल्लांच्या दातांवर एनॅमल नसून एनॅमलॉइड नावाचे काही वेगळे आवरण असते, असाही उल्लेख एका ठिकाणी वाचनात आला. तो बेडकाच्या पिल्लांनाही लागू होतो का? आणि ते दात एकाच रेषेत का तुटले, हे कोणी सांगू शकेल का?

---

चोर्लाघाट यांचे उत्तर

मॅडम, एनॅमलचे मूळ उत्तर त्या विषयाच्या जाणकारांनी द्यावे. मी केवळ हौशी निरीक्षक आहे, परंतु दात म्हणून दिसणाऱ्या तीन निरनिराळ्या वस्तूंची तुमच्या प्रश्नात सरमिसळ होण्याची शक्यता आहे, म्हणून आधी त्या वेगळ्या करतो.

वरच्या जबड्यावरची खुंटांची ओळ हे खरे दात होत. टाळूवरही नाकाच्या अंतर्छिद्रांजवळ अशा दातांचे दोन छोटे गट बहुतेक बेडकांत असतात, ते बोटाने चाचपडल्यावर खरखरीत लागतात. खालच्या जबड्याच्या टोकाशी असलेले दोन उंचवटे मात्र दात नव्हेत. ते जबड्याच्या हाडाचेच वर आलेले भाग आहेत, त्यांत डेंटिनही (एनॅमलखालचा दाताचा मुख्य कठीण भाग) नाही आणि एनॅमलही नाही. शेतातल्या या मोठ्या बेडकाच्या, म्हणजे होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसच्या, वर्णनात त्यांचा उल्लेख दातांसारखे उंचवटे असाच केला जातो.

तिसरी वस्तू भैकेरांच्या, म्हणजे टॅडपोलांच्या तोंडात असते. त्यांच्या ओठांवर काळ्या बारीक दातेरी ओळी आणि मध्ये चोचीसारखा भाग असतो. ओळींच्या मांडणीवरून जाती ओळखता येतात, त्यामुळे आम्हा हौशी मंडळींचा बराच वेळ त्या मोजण्यात जातो. पण त्या ओळी आपल्या नखांसारख्या केराटिनच्या असतात आणि रूपांतरणाच्या वेळी गळून पडतात. तेव्हा भैकेराच्या दाताला एनॅमल असते का, या प्रश्नाला अर्थच उरत नाही. जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशीदेखील भैकेरांत याच केराटिनच्या भागांवर वाढते, हे जाता जाता सांगतो.

एक विनंती. हा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. रस्त्यावर मेलेला असला तरी नमुना शाळेत कायम ठेवायचा असेल तर वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात एकदा विचारून घ्या, आणि मुलांना जिवंत बेडूक पकडून आणण्याची सवय लागणार नाही एवढे पाहा.

---

दंतकथा यांचे उत्तर

ताई, मी बेळगावात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दातांची सूक्ष्मरचना शिकवतो. माणसाच्या दातांपलीकडे पाहण्याची सवय आमच्या धंद्यात कमीच, परंतु एनॅमल समजून घ्यायचे असेल तर उभयचरांच्या दातांइतका बोलका पुरावा दुसरा नाही, असे माझे मत आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या बशीपासून करू. आजच्या बहुतेक सर्व उभयचरांचा दात एकसंध नसून दोन तुकड्यांचा असतो. जबड्याला चिकटलेला तळाचा भाग म्हणजे एक बैठक, आणि तिच्यावर बसवलेला वरचा भाग म्हणजे शिखर. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, ज्यात कोलॅजेनचे तंतू असतात परंतु खनिज जवळजवळ भरलेले नसते. त्यामुळे शिखर बैठकीवर किंचित लवू शकते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातील हायपोक्लोराइट सेंद्रिय पदार्थ विरघळवते. रूट कॅनॉल करताना दाताच्या पोकळीतील मृत ऊती काढून टाकण्यासाठी आम्ही त्याच रसायनाचा सोडियमयुक्त प्रकार रोज वापरतो. तुमच्या पाण्याने मांसाबरोबर तो तंतूंचा पट्टाही खाल्ला आणि सगळी शिखरे एकाच उंचीवर सुटली. बशीतील दाणे ही ती शिखरे आहेत. तुम्ही नकळत एक चांगला प्रयोग केला आहे! अशा दोन तुकड्यांच्या दातांना जीवाश्मविज्ञानातही मोठा मान आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे मिळालेल्या, डायनोसॉरांच्याही आधीच्या पर्मियन कालखंडातील डोलेसर्पेटॉन या लहानशा प्राण्याचे दात असेच निघाले, आणि आजच्या उभयचरांचे पूर्वज त्याच्या गोतावळ्यात शोधावेत ही कल्पना १९६९ मध्ये मांडली गेली ती मुख्यत्वे या दातांच्या आधारावर.

आता एनॅमल. होय, प्रौढ बेडकाच्या दाताच्या शिखरावर खरे एनॅमल असते, आणि ते घडण्याची रीत मुळात आपल्यासारखीच आहे. दात हा दोन प्रकारच्या ऊतींच्या परस्पर संकेतांतून घडतो. वरून तोंडाच्या अस्तराची अभिस्तर ऊती खाली वळते, आणि तिच्या कुशीत न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे भ्रूणाच्या मज्जानलिकेच्या कडेतून, आलेल्या पेशींची मेसेन्काइम ऊती गोळा होते. आतल्या बाजूच्या पेशी ओडोंटोब्लास्ट होतात आणि डेंटिनचा कोलॅजेनयुक्त साचा तयार करतात. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या अभिस्तराच्या पेशी अमेलोब्लास्ट होतात. दोहोंच्या मधला पातळ पडदा नाहीसा झाला की अमेलोब्लास्ट डेंटिनच्या बाहेरच्या पृष्ठावर अमेलोजेनिन, अमेलोब्लास्टिन, एनॅमलिन अशी प्रथिने सोडू लागतात आणि स्वतः मागे मागे सरकत जातात. या प्रथिनांच्या आधाराने हायड्रॉक्सिअपॅटाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाचे स्फटिक वाढतात आणि नंतर प्रथिनांचा बहुतांश भाग काढून घेतला जातो. माणसाच्या पक्व एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते ते यामुळेच. अमेलोजेनिन ही केवळ सस्तन प्राण्यांची मिरास नव्हे, हे १९९८ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकात त्याचे जनुक ओळखले गेले तेव्हा स्पष्ट झाले.

फरक आहे तो जाडीत आणि विणीत. आपल्या दाढेच्या टोकाशी एनॅमल दोन ते अडीच मिलिमीटर जाड असू शकते, तर बेडकाचा अख्खा दातच त्याहून लहान असतो आणि त्यावरचा थर अतिशय पातळ असतो. आपल्या एनॅमलमध्ये स्फटिकांच्या जुड्या बांधलेल्या असतात आणि त्या जुड्या एकमेकींत गुंतून दातावरचा भार वाटून घेतात. उभयचरांच्या एनॅमलमध्ये अशा जुड्या नसतात, स्फटिक पृष्ठाशी काटकोनात सरळ उभे असतात. बेडूक भक्ष्य चावत नाही, ते निसटू नये म्हणून धरून ठेवतो आणि गिळतो, त्यामुळे त्याचे एवढ्यावर भागते.

मग पुन्हा पुन्हा कसे? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेडूकही झिजलेले एनॅमल दुरुस्त करत नाही. एका दाताचे अमेलोब्लास्ट आपले काम संपले की त्याच्याही बाबतीत संपतात. मात्र ज्या पट्टीतून दातांचे अंकुर फुटतात ती अभिस्तराची पट्टी, म्हणजे दंतपट्टिका, त्याच्या जबड्याच्या आतल्या बाजूस जन्मभर जिवंत राहते. माणसात ती कायमचे दात घडल्यावर विरून जाते. बेडकात प्रत्येक दाताच्या आतल्या कुशीला पुढच्या दाताचा अंकुर तयार होत असतो, त्याच्याकडे स्वतःचे नवे अमेलोब्लास्ट असतात, आणि तो वाढत आला की जुन्या दाताची बैठक विशेष पेशी विरघळवून टाकतात. शेजारशेजारचे दात एकदम न पडता आळीपाळीने पडतात, म्हणून जबडा कधी पूर्ण बोडका होत नाही. तुमच्या नमुन्यात खुंटांच्या ओळीत मध्येमध्ये रिकाम्या जागा दिसत असतील तर त्या याच कारणाने आहेत.

एनॅमलॉइडविषयी स्वतंत्र प्रतिसादात लिहितो. तो भाग मला अधिक आवडतो आणि घाईने उरकायचा नाही.

---

दंतकथा यांचे पुढील उत्तर

आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांची घरे असतात, त्यांचा दाखला घेऊ. चिऱ्यांच्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा केला तर गिलावा ही वेगळ्या हातांनी, वेगळ्या मालाची, भिंतीच्या बाहेर वाढवलेली वस्तू असते. एनॅमल हा असा गिलावा आहे. याउलट जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत राहिल्यावर त्याचा बाहेरचा भाग कठीण होतो. तेथे वेगळा थर चढवलेला नसतो, चिऱ्याचाच बाहेरचा भाग बदललेला असतो. एनॅमलॉइड या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. त्याचा साचा मुख्यत्वे ओडोंटोब्लास्टच, म्हणजे डेंटिन करणाऱ्या पेशीच, घालतात. तो कोलॅजेनयुक्त असतो आणि दोन ऊतींमधल्या पडद्याच्या आतल्या बाजूस असतो. नंतर अभिस्तराच्या पेशींच्या सहभागाने त्यातील सेंद्रिय भाग बराचसा काढून घेतला जातो आणि खनिज दाट भरते. शार्क आणि बहुसंख्य हाडांच्या माशांच्या दातांवर हेच आवरण असते. दाखला येथेच सोडावा हे बरे, कारण जांभ्याला कठीण करणाऱ्या पेशी नसतात.

सॅलॅमँडरच्या गटात ही दोन्ही आवरणे एकाच प्राण्याच्या आयुष्यात पाहायला मिळतात. डिंभावस्थेतील त्याचे पहिले दात साधे, एका टोकाचे, शंकूसारखे असतात, त्यांत बैठक आणि शिखर असा भेद नसतो, आणि त्यांच्या टोकावर एनॅमलॉइड असते. रूपांतरणानंतरच्या दातांना दोन टोके असतात, मधला तंतूंचा पट्टा असतो आणि वर खरे एनॅमल असते. स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आढळणाऱ्या प्लूरोडेलीस वॉल्टल या जातीत जबड्याच्या त्याच त्या जागी एकामागून एक येणारे दात तपासून हा बदल २००७ मध्ये फार बारकाईने मांडला गेला. त्यातून दिसले ते असे की एका पिढीत एनॅमलॉइड आणि पुढच्या पिढीत एकदम एनॅमल असा झटका बसत नाही. पहिल्या दातांतही एनॅमलॉइडवर एनॅमलचा पातळ थर असू शकतो, पुढील प्रत्येक पिढीत एनॅमलॉइड कमी होत जाते, आणि अखेर डेंटिनवर थेट एनॅमल बसते. पेशी त्याच, अंकुराची मांडणी तीच, फक्त ओडोंटोब्लास्टनी आपले काम केव्हा सुरू करायचे आणि अमेलोब्लास्टनी केव्हा, या वेळापत्रकात हळूहळू बदल होतो.

---

मलप्रभाकाठ

सर, मनापासून आभार. खुंटांच्या ओळीत रिकाम्या जागा आहेत, आजच पुन्हा भिंगाखाली पाहिल्या. एक शंका राहते. बेडकाच्या बाबतीतही हा एनॅमलॉइडपासून एनॅमलपर्यंतचा प्रवास होतो का? चोर्लाघाट यांच्या म्हणण्याप्रमाणे भैकेरांना खरे दातच नसतील तर मग हा टप्पा कुठे बसवायचा?

---

दंतकथा

कुठेच बसवायचा नाही. सॅलॅमँडरचे पिल्लू जन्मापासून शिकारी असते आणि त्याला पहिल्या दिवसांपासून दात लागतात. भैकेराचे काम केराटिनच्या ओळींवर भागते, आणि आपल्या शेतातल्या मोठ्या बेडकाची भैकेरे तर त्याच चोचीच्या बळावर इतर भैकेरांना खाऊन टाकतात. बेडकाचे खरे दात रूपांतरणाच्या सुमारास, थायरॉइडच्या संप्रेरकांनी अख्ख्या शरीराची उलथापालथ चाललेली असताना, प्रथमच घडू लागतात, आणि ते घडतात तेव्हा थेट एनॅमलचेच. म्हणजे सॅलॅमँडर जो पहिला अंक रंगमंचावर करून दाखवतो तो बेडकाच्या नाटकातून गाळलेला आहे. वर्गात सांगताना एनॅमलॉइडचा मुद्दा सॅलॅमँडरपुरता ठेवावा, तो सर्व उभयचरांना लावू नये.

---

शंकासूर

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. डिंभाला माशांसारखे आवरण आणि प्रौढाला चतुष्पादांसारखे आवरण, हे ऐकून कोणाही विद्यार्थ्याचा समज असा होईल की सॅलॅमँडर आपल्या आयुष्यात माशापासून उभयचरापर्यंतचा इतिहास पुन्हा गिरवतो. प्राण्याची वाढ म्हणजे त्याच्या वंशाची उजळणी, हा विचार केव्हाच मागे पडला आहे. मग तुमचे उदाहरण त्याच विचाराला मागच्या दाराने आत घेत नाही काय?

---

दंतकथा

आक्षेप रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा सूर निघाला असेल तर ती चूक माझी. माशांचे आवरण एनॅमलॉइडच असते असे सरसकट म्हणता येत नाही. आपण ज्या मांसल पराच्या माशांच्या वंशातून आलो त्या गटात, सीलाकँथ आणि फुप्फुसमीन यांच्यासह, दातांवर खरे एनॅमल आढळते. तेव्हा उभयचरांचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले तेव्हा एनॅमल त्यांच्यापाशी आधीच होते. सॅलॅमँडरच्या डिंभाचे एनॅमलॉइड हा पूर्वजाचा जतन केलेला टप्पा न मानता, अगदी लहान आणि घाईने घडणाऱ्या दातात दोन पेशीसमूहांच्या कामाचा क्रम बदलल्याचा परिणाम मानावा, हे मला अधिक सयुक्तिक वाटते. म्हणूनच मी वेळापत्रक हा शब्द वापरला होता. एनॅमल आणि एनॅमलॉइड यांच्यातील अंतर आपल्याला वाटते तेवढे मोठे नाही, एवढेच या उदाहरणातून सुचते.

उभयचरांनी असे आणखी एक जुने गृहीतक मोडले आहे. दाताचे एनॅमल बाह्यस्तरातून, म्हणजे भ्रूणाच्या त्वचेच्या थरातून, येते असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्पिढ्या सांगत आली. २००८ मध्ये ॲक्सोलॉटल या सॅलॅमँडरवर एक सुंदर प्रयोग झाला. त्यात भ्रूणाच्या तोंडाजवळचा बाह्यस्तर चकाकणाऱ्या प्रथिनाने खुणावून ठेवला होता, जेणेकरून त्याच्या पेशी पुढे कुठे जातात ते दिसावे. तोंड तयार झाल्यावर आढळले की काही दातांचे एनॅमल घडवणारे अभिस्तर बाह्यस्तराचे होते, काहींचे अंतःस्तराचे, म्हणजे अन्नमार्गाच्या अस्तराचे, आणि काही दात तर दोहोंच्या सीमेवर असल्यामुळे मिश्र होते. तरीही सगळे दात दिसायला आणि रचनेला सारखेच. अभिस्तर कुठले हे गौण ठरले, त्याच्याखाली न्यूरल क्रेस्टच्या पेशी आहेत की नाहीत हे महत्त्वाचे.

याला १९३२ च्या श्पेमान आणि शोटे या भ्रूणशास्त्रज्ञांच्या प्रयोगाची जोड देता येईल. त्यांनी बेडूक आणि न्यूट (सॅलॅमँडरच्या गटातलाच एक प्राणी) यांच्या भ्रूणांत अभिस्तराच्या तुकड्यांची अदलाबदल केली. न्यूटच्या तोंडाच्या जागी लावलेल्या बेडकाच्या पोटावरच्या तुकड्याने तोंडाचेच अवयव घडवले, पण ते बेडकाच्या धाटणीचे, म्हणजे भैकेराला चिकटून राहण्यासाठी असतात तसे चोषक! खालच्या ऊतीने "येथे तोंडाचा भाग घडव" असे सांगितले, आणि वरच्या ऊतीने आपल्याजवळच्या जनुकांत जे होते ते घडवले. दाताच्या अंकुरातही हुकूम आणि सामग्री अशीच दोन घरांतून येते. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले ते भ्रूणातील अशा संकेतांच्या कामासाठीच.

---

कणकुंबीचा पाऊस

चर्चेत आपल्या घाटातले दोन प्राणी राहून गेले आहेत, म्हणून लिहिते.

पहिला म्हणजे देवगांडूळ. आमच्या भागातले लोक त्याला साप समजून मारतात किंवा गांडूळ समजून सोडून देतात, पण तो बेडकाचा पाय नसलेला भाऊबंद आहे. ओल्या मातीत राहणाऱ्या या प्राण्याला वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी असतात आणि बेडकाला नसलेले खालच्या जबड्याचे दातही असतात. आंबोलीहून २००३ मध्ये गेजेनिओफिस डॅनियली ही जात नोंदली गेली. त्याच प्रजातीतील (जीनसमधील) रत्नागिरी जिल्ह्यातून नोंदलेली गेजेनिओफिस शेषाचारी ही जात पिल्लांना जन्म देते असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जिवंत पिल्ले घालणारा आशियातील तो पहिलाच ज्ञात उभयचर ठरला. देवगांडुळांत दातांचा आकार वयानुसार बदलतो. केनियातील बोलेंजेरुला टायटाना या जातीची मादी पिल्लांसाठी आपल्या त्वचेचा बाहेरचा थर जाड आणि स्निग्ध करते, आणि पिल्ले विशेष आकाराच्या दातांनी तो थर सोलून खातात, असे २००६ मध्ये नोंदवले गेले. मोठेपणी ते दात राहत नाहीत, त्यांच्या जागी शिकारीचे दात येतात. दात बदलत राहण्याचा हा एक मोठा लाभ आहे, जो आपण दुधाच्या दातांच्या पलीकडे वापरतच नाही.

दुसरा प्राणी म्हणजे भेक, घराच्या पायरीशी बसून दिव्याखालचे किडे टिपणारा खरबरीत टोड. त्याच्या कुळात कोणालाही दात नसतात. आंबोलीच्या सड्यांवरचा, २००९ मध्ये नव्या प्रजातीत घातलेला झँथोफ्रिन टायगेरिना हा देखणा टोडही त्याच कुळातला आणि तितकाच बोडक्या जबड्याचा. बेडकांच्या इतिहासात दात वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे नाहीसे झाले असे २०२१ च्या एका व्यापक अभ्यासात दिसले, आणि मुंग्या-वाळवीसारखे बारीक भक्ष्य खाण्याकडे वळलेल्या कुळांत हे विशेषकरून घडले. दात गेले की एनॅमलच्या जनुकावरची राखण संपते. त्याच वर्षी टोडांच्या कुळात अमेलोजेनिनचे जनुक मोडकळीस आलेले आढळले. ते वाचता येते, पण त्यातून प्रथिन घडत नाही. गावठाण उठून गेले तरी घरांची जोती मागे दिसतात, तसे.

उलट दिशेचे एक उदाहरण कोलंबिया-इक्वेडोरमधील गॅस्ट्रोथेका ग्युंथेरी या बेडकाचे आहे. बेडकांच्या वंशातून खालच्या जबड्याचे दात वीस कोटी वर्षांहून अधिक काळ गेलेले असताना याच्याकडे ते आहेत. ते नुसते हाडाचे उंचवटे असावेत अशी शंका घेतली गेली होती, पण पातळ काप घेऊन पाहिल्यावर त्यांत डेंटिन आणि एनॅमल दोन्ही सापडले. वरच्या जबड्यात सगळी सामग्री वापरात असल्यामुळे खाली ती पुन्हा उभी करणे शक्य झाले असावे. टोडाला ही वाट बंद आहे.

---

मलप्रभाकाठ

कणकुंबीचा पाऊस यांचे विशेष आभार. देवगांडूळ आमच्या दोन विद्यार्थ्यांनी शेणखताच्या खड्ड्याजवळ पाहिल्याचे आज वर्गात सांगितले, आणि त्याला दात असतात म्हटल्यावर एकाने हात मागे घेतला. मुलांना सॅलॅमँडर पाहायचा आहे, पण तो भारतात दार्जिलिंग आणि ईशान्येकडील भागांतच आढळतो हे सांगून त्यांची समजूत घालावी लागली.

आता अगदी व्यवहाराचा प्रश्न. पुढे असा मेलेला बेडूक मिळाला आणि वनविभागाने हरकत घेतली नाही, तर शिखरे न गळता जबडा स्वच्छ कसा करावा?

---

दंतकथा

ब्लीचिंग पावडर पूर्णपणे टाळा. पाण्यात नुसते कुजत ठेवणेही नको, कारण तंतूंचा पट्टा त्यातही सैल होतो. डोके आधी स्पिरिटमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा, नंतर वरच्या जबड्याच्या कडेचा ओठ बारीक कात्रीने आणि सुईने हळूहळू सोलून काढा, आणि दातांना ब्रश लावू नका. पूर्ण स्वच्छ हाड मिळणार नाही, पण दात शाबूत राहतील. एनॅमलचा थर शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून वेगळा ओळखू येणार नाही, त्यासाठी काप घ्यावे लागतात. मात्र तुमच्या बशीतले दाणे फेकू नका. ते साध्या पाण्यात दोनदा धुऊन वाळवा आणि वरून उजेड पाडून पाहा. बहुतेक बेडकांत शिखराला एक मोठे आणि एक लहान अशी दोन टोके असतात, आणि दाण्याची दुसरी बाजू, जेथे पट्टा विरघळला, ती मध्ये पोकळ असते.

---

मलप्रभाकाठ

धुऊन वाळवले. एकूण एकोणीस दाणे मिळाले. काळ्या कार्डावर डिंकाच्या थेंबात एकेक बसवले आहेत, पोकळ बाजू वर ठेवून नऊ आणि टोके वर ठेवून दहा. कार्डाच्या खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे "बेडकाच्या दाताची शिखरे" असे लिहिले आहे. सोमवारी कुंपणापलीकडच्या मुलांनाही बोलावणार आहे.